मुलगा अजून गादी ओली करतो, आणि आता सासरेही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा 8 वर्षांचा आहे, आठवड्यातून तीन-चार रात्री अजून अंथरुणात शू होते. दिवसा काही प्रॉब्लेम नाही. सासूबाई म्हणतात आळशी आहे, दोन फटके द्या. मिस्टरही चौथीपर्यंत करायचे असं आता कळलं. आणि सासरे (वय 68), त्यांचंही दोन महिन्यांपासून अंथरूण ओलं होतंय, ते कुणाला सांगत नाहीत, पहाटे उठून चादर स्वतःच धुतात. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, फटके अजिबात नकोत. तो मुद्दाम करत नाहीये, झोपेत होतं आणि त्याला कळतही नाही. मिस्टरांचं कळलं ते फार कामाचं आहे, कारण आईवडिलांपैकी एकाला हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या वर जाते. सासूबाईंना हे प्रेमाने सांगा, त्यांनीही मुलाच्या गाद्या वाळत घातल्यात, त्या समजून घेतील.

होतं काय, की रात्री शरीरात व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन वाढतं आणि लघवी कमी तयार होते, काही मुलांमध्ये हे उशिरा सुरू होतं, त्यात झोप इतकी गाढ की ब्लॅडर (लघवीची पिशवी) भरलं तरी जाग येत नाही. पाच वर्षांपर्यंत आम्ही याला आजार म्हणतच नाही.

आता मला सांगा, त्याचं पोट रोज साफ होतं का? हे कुणी स्वतःहून सांगत नाही, पण शौच साठून राहिली की ब्लॅडरवर दाब येतो, आणि कितीतरी मुलांचं फक्त बद्धकोष्ठ बरं केल्यावर अंथरूण कोरडं राहायला लागतं. शाळेतले संडास घाण म्हणून मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, शू दाबून ठेवतात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर घटाघटा पितात, मग रात्री तेच होणार ना! शाळेत पाणी प्यायला लावा, मधल्या सुट्टीत जायला सांगा, झोपताना एकदा. तरी फरक नाही पडला तर ओलं झालं की वाजणारा अलार्म मिळतो, दोन-तीन महिने चिकाटीने लावावा लागतो. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळीही आहे, पण ती घेतल्यावर रात्री पाणी जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

मात्र सहा महिने कोरडा राहून परत सुरू झालं असेल तर वेगळं बघावं लागतं. लघवीचं इन्फेक्शन, घोरणं, शाळेतला किंवा घरातला ताण. सोबत खूप तहान आणि वजन कमी होत असेल तर त्याच दिवशी शुगर तपासा.

सासऱ्यांची काळजी मला जास्त वाटते. मोठ्या माणसाला हे नव्याने सुरू झालं तर "वय झालं" म्हणून सोडायचं नाही. या वयात प्रोस्टेट (पुरुषांच्या ब्लॅडरखालची ग्रंथी) वाढून लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, साठलेली झोपेत गळते. डायबेटीस, इन्फेक्शन, झोपेत श्वास अडकणं, झोपेची गोळी, बीपीची लघवी वाढवणारी गोळी रात्री घेणं, यातलं काहीही असू शकतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखवा. या आठवड्यातच लघवी, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करा, लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही बघायला सांगा. पायात अचानक अशक्तपणा आला किंवा मांड्यांमध्ये बधिरपणा वाटला तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि हे त्यांच्याशी मिस्टरांनी एकट्याने बोलावं, सगळ्यांसमोर नको.