फुटबॉलपटू ‘आखाड्यात’ उतरतो का?

प्रश्न असा आला आहे: ‘द रॉक’ ऊर्फ अमेरिकी रेसलर-अभिनेता ड्वेन जॉन्सनवर मराठीत लिहायचे आहे. त्यात ‘हा फुटबॉलपटू पुढे कुस्तीच्या आखाड्यात उतरला आणि नामवंत मल्ल झाला’ हे वाक्य चालेल का? ‘मल्ल’ जड वाटत असेल तर ‘कुस्तीपटू’ लिहावे का?

मला दोन्ही खटकतात. मी ‘रेसलर’ लिहीन, आखाडा काढून टाकीन आणि फुटबॉलच्या आधी ‘अमेरिकन’ घालीन. म्हणजे मूळ वाक्यातले फारसे काही शाबूत राहणार नाही, पण त्याला इलाज नाही.

फुटबॉलचे आधी उरकतो. मराठी वाचकासाठी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा गोल चेंडू. जॉन्सन खेळला तो लांबट चेंडू हातात घेऊन धडका मारण्याचा खेळ. मायामी विद्यापीठाच्या ज्या संघाने १९९१चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्यात तो होता. १९९५ साली कॅनडातल्या कॅल्गरी स्टॅम्पीडर्सने त्याला घेतले आणि थोड्याच दिवसांत घरी पाठवले. कॅनडाचा फुटबॉल पुन्हा वेगळा, एका बाजूला बारा खेळाडू, अमेरिकेत अकरा. एवढा तपशील वाक्यात कोंबायची गरज नाही, पण ‘अमेरिकन’ हे विशेषण हवेच. नाहीतर वाचक त्याला मेस्सीच्या पंगतीत बसवतो.

जाता जाता एक गंमत. फुटबॉल आणि तालीम हे दोन शब्द मराठीत एका ठिकाणी खरोखर शेजारी नांदतात, ते म्हणजे कोल्हापुरात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे आहेत. शाहू स्टेडियमवर ‘तालमीचा खेळाडू’ म्हणतात तो गोल मारणारा असतो. तिथल्या माणसाला तुमचे वाक्य वाचून फारसे नवल वाटणार नाही, पण तो समजेल ते काहीतरी भलतेच.

आता कुस्ती. हा शब्द फारसीतून आला. पारशी मंडळी कमरेला बांधतात त्या कस्तीशी त्याचे नाते सांगितले जाते, कारण कमरपट्टा धरून झुंजणे हा त्याचा मूळ अर्थ मानतात. पण शब्दाच्या माहेरापेक्षा त्याचे सोबती कोण, हे इथे जास्त कामाचे. मराठीत कुस्ती ‘लागते’, ‘सुटते’, ‘निकाली होते’, नाहीच झाली तर पंच ती ‘बरोबरीत सोडवतात’. जत्रेच्या फडात हलगी कडाडते, जोड लागते, सलामी होते, खडाखडी होते, कुणी ढाक लावतो, कुणी घिस्सा मारतो, आणि पाठ मातीला टेकली की चितपट. हे सगळे शब्द एकच गोष्ट धरून चालतात: कोण जिंकणार हे सलामीच्या वेळी कुणालाच ठाऊक नाही. ‘मल्ल’ आणि ‘पैलवान’ याच घरातले.

रॉकच्या धंद्यात, म्हणजे व्यावसायिक रेसलिंगमध्ये, निकाल आधी ठरलेला असतो. कोण कुणाला कसे आपटणार याचीही आखणी असते. आपटणे मात्र खरे. हाडे मोडतात, माना दुखावतात. पूर्वी ही आखणी बाहेर फुटू नये म्हणून धंद्यातली माणसे जिवापाड जपत. त्या गुप्ततेला त्यांच्या बोलीत ‘केफेब’ म्हणतात, आखलेल्या गोष्टीला ‘वर्क’ आणि खऱ्या मारामारीला ‘शूट’. पुढे १९८९ साली रेसलिंगचे खेळ करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे मान्य केले की ही खरी स्पर्धा नव्हे, प्रेक्षकांच्या करमणुकीसाठीची झुंज आहे. प्रामाणिकपणाचा झटका आला नव्हता. क्रीडा आयोगाची बंधने आणि कर टाळायचे होते. ज्या धंद्याच्या मालकांनीच ‘आमचा हा खेळ स्पर्धा नाही’ असे सरकारदरबारी सांगितले, त्याला आपण मराठीत कुस्ती म्हणायचा हट्ट कशाला धरावा?

मग ‘नुरा कुस्ती’ म्हणावे का, असे कुणी विचारील. आपल्या राजकीय अग्रलेखांचा हा लाडका शब्द आहे आणि वरवर बसतोही. पण नुरा कुस्तीत फसवणूक गृहीत आहे. दोन पैलवान आतून मिळालेले असतात, वर्गणी देऊन आलेल्या प्रेक्षकाला ते माहीत नसते, आणि कळले की तो चिडतो. डब्ल्यूडब्ल्यूईचा (डब्ल्यूडब्ल्यूएफचेच हे नंतरचे नाव) प्रेक्षक सगळे ठाऊक असून तिकीट काढतो. नाटकातला खून खोटा म्हणून पैसे परत मागणारा कुणी भेटत नाही, तसेच हे.

‘फ्रीस्टाइल’चा घोळ आणखी मजेशीर. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते फ्रीस्टाइल कुस्तीत, म्हणजे काटेकोर नियमांच्या ऑलिंपिक प्रकारात. त्याच सुमारास मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग या रेसलरांच्या जंगी लढती होऊ लागल्या. त्यांनाही लोक फ्रीस्टाइलच म्हणत. मराठी भाषेने कौल दारासिंगच्या बाजूने दिलेला दिसतो: ‘दोन गटांत फ्रीस्टाइल हाणामारी’ ही बातमी आपण आजही वाचतो, आणि तिथे ऑलिंपिकचा नियम कुणाला आठवत नाही. त्यामुळे रॉकसाठी हा शब्द सुचला तरी वापरू नका. अर्धे वाचक खाशाबांकडे जातील, अर्धे चौकातल्या भांडणाकडे. ‘रेसलिंग’ आणि ‘रेसलर’ हे शब्द पत्ते खेळून मोठ्या झालेल्या दोन पिढ्यांनी मराठीत आणून ठेवलेले आहेत. छातीचे माप आणि वजन छापलेले ते डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते हातात घेऊन ‘माझा मल्ल भारी’ म्हणणारा पोरगा माझ्या तरी पाहण्यात नाही. रिंगला ‘रिंगण’ही करू नये. एक तर ती चौकोनी असते, आणि रिंगण म्हटले की आपल्याला वारीतला अश्व दिसतो.

क्रियापदांकडे सहसा कुणी बघत नाही, खरी अडचण तिथे आहे. गोल्डबर्ग या रेसलरचे उदाहरण घ्या. हा अटलांटा फाल्कन्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला गडी दुखापतींनी बाहेर पडला आणि १९९७ साली डब्ल्यूसीडब्ल्यू या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या प्रतिस्पर्धी कंपनीत आला. त्याचा ‘स्पीअर’ हा ठरलेला डाव म्हणजे फुटबॉलमधली धडकच, फक्त चेंडूवाचून. त्याच्या सलग विजयांचा आकडा कंपनी १७३ सांगत असे, आणि तो फुगवलेला होता हे चाहतेही मान्य करतात. तर गोल्डबर्ग ‘जिंकला’ म्हणायचे की त्याला ‘जिंकवले’? मराठीत ही सोय आहे. तो पडला, त्याला पाडला, हा भेद आपण निवडणुकीच्या गप्पांत रोज करतो. १९९८च्या डिसेंबरात केव्हिन नॅशने त्याची मालिका तोडली, तेव्हा ‘गोल्डबर्ग हरला’पेक्षा ‘गोल्डबर्गला हरवायचे ठरले’ हे जास्त नेमके. धंद्यात ठरवून पडण्याला ‘जॉब’ म्हणतात आणि नेहमी पडणाऱ्याला ‘जॉबर’. मात्र दर वाक्यात ‘जिंकवले’ लिहू नका. गोष्ट सांगताना गोष्टीतले ‘जिंकला’ चालते. कारकिर्दीचा हिशेब मांडताना ‘जिंकवले’ आठवावे.

‘उतरला’, ‘वळला’ यांचेही तसेच. वळणे म्हणजे आधीची वाट सोडणे. ब्रॉन्को नागुर्स्की १९३० साली शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघात आला. पगार बेताचा, म्हणून संघात असतानाच रेसलिंगच्या लढती करू लागला. १९३७ साली डीन डेटनकडून त्याने जागतिक अजिंक्यपद घेतले, त्या वर्षीही तो बेअर्सकडून खेळत होता. पुढे फुटबॉल सुटला, तरी महायुद्धामुळे संघात माणसे उरली नाहीत तेव्हा १९४३ साली तो परतला आणि अंतिम सामन्यात टचडाउनही (त्या खेळातला गोलच म्हणा) केला. याला वळणे कसे म्हणणार? रेसलिंग हा त्याचा चांगला चालणारा जोडधंदा होता.

रॉकची गोष्ट उलटी. त्याचे वडील रॉकी जॉन्सन रेसलर, आजोबा पीटर माइव्हिया रेसलर. १९९६च्या नोव्हेंबरात त्याने डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये पदार्पण केले ते दोघांची नावे जोडून, ‘रॉकी माइव्हिया’ म्हणून. आडवाट झाली ती फुटबॉलची. म्हणून मी लिहीन: ‘अमेरिकन फुटबॉलमध्ये जम न बसल्यावर ड्वेन जॉन्सन घरच्या धंद्यात आला आणि नामवंत रेसलर झाला.’

ज्यांना आपल्या अर्थाचाच फुटबॉलपटू हवा असेल त्यांच्यासाठी टिम वीझे आहे. वेर्डर ब्रेमेनचा हा गोलरक्षक जर्मनीकडून सहा सामने खेळला, निवृत्तीनंतर व्यायामाने अवाढव्य झाला आणि ३ नोव्हेंबर २०१६ रोजी म्युनिकमध्ये शेमस व सेझारो यांच्या जोडीने डब्ल्यूडब्ल्यूईची एक लढत केली. त्याच्याबद्दल ‘फुटबॉलपटू’ विशेषणाशिवाय लिहा, आणि एकाच लढतीपुरता गेला म्हणून ‘रिंगमध्ये उतरला’ हेही त्याला शोभते.