हाशेक नशीबवान की भारी?

प्रश्न: आइस हॉकीचे जुने व्हिडिओ बघताना गोलकीपर डॉमिनिक हाशेक दिसला. सारखा बर्फावर लोळतो, स्टिक काय टाकून देतो, आणि लोक ग्रेट म्हणतात! नशीब होतं का नुसतं?

उत्तर: अहो नशीब एखाद्या मॅचला साथ देईल, सहा वेळा वेझिना ट्रॉफी कोण देणार? ही एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या आइस हॉकी लीगच्या, बेस्ट गोलकीपरला मिळते. वर हार्ट ट्रॉफी, म्हणजे अख्ख्या लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू, ती 1997 आणि 1998 अशी दोनदा, दुसऱ्या कुठल्याच गोलकीपरला दोनदा जमलेली नाही. ते लोळणं वेड्यासारखं दिसतं खरं पण पाय रबरासारखे लवचिक आणि पक (खेळातली रबरी चकती) कुठे येणार ह्याचा अंदाज पक्का, त्यामुळे आडवा पडला तरी गोलचा खालचा भाग बंदच.

सुरुवात मात्र बेंचवर, शिकागोच्या टीममध्ये एड बेलफोरसारखा गोलकीपर असताना ह्याला कोण खेळवणार, मग 1992 ला बफेलोच्या टीमला पाठवला आणि तिथे चमकला. 1998 चं नागानो ऑलिम्पिक बघाच, सेमीफायनलच्या शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचही शॉट अडवले, फायनलला रशियाला 1-0, चेक रिपब्लिकला गोल्ड. माझ्या मते तोच त्याचा सगळ्यात भारी काळ. स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, डेट्रॉइटकडून, 2002 आणि 2008, पण दुसऱ्या वेळी प्लेऑफमध्ये (शेवटच्या बाद फेऱ्यांत) मधेच ह्याच्या जागी टीमचा दुसरा गोलकीपर ऑसगुड ह्याला खेळवलं आणि हा बाकावर. तरी थांबला नाही, 2010 ला पंचेचाळिशीत गावच्या पार्दुबिचे टीमला चेक लीग जिंकून दिली!