अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा) स्ट्रेंग्थ कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दमसास घडवणारा प्रशिक्षक, व्हायचं असेल तर काय तयारी लागते?

तुमच्याकडे स्पोर्ट्स सायन्सची पदवी आहे, जिममध्ये शिकवता, आणि तिकडे मास्टर्स करून या क्षेत्रात शिरता येईल का असं विचारलंय. येईल. पण जिममधला अनुभव तिथे फारसा मोजत नाहीत.

प्रमाणपत्रं दोन चालतात. एनएससीए या स्ट्रेंग्थ कोचिंगच्या संघटनेचं सीएससीएस हे पदवी, सीपीआर आणि दोन भागांची परीक्षा यांवर मिळतं. सीएससीसीए या कॉलेजातल्या स्ट्रेंग्थ कोचच्या संघटनेच्या एससीसीसी प्रमाणपत्राला मात्र मान्यताप्राप्त कोचच्या हाताखाली ६४० तास काढावे लागतात. कॉलेजातच राहायचं असेल तर माझ्या मते दुसरं जास्त वजनदार. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. म्हणजे ते ६४० तास नुसत्या त्या वेळेत भरायला ३२ आठवडे धरा.

सुरुवात इंटर्न किंवा ग्रॅज्युएट असिस्टंट (मास्टर्स करता करता काम करणारा सहायक) म्हणून. पहाटे वेटरूम उघडायची, रॅक लावायचे, प्रत्येकाच्या तक्त्यावर वजनं लिहायची. पैसे नाममात्र, कधी तेही नाहीत.

खरी परीक्षा सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या खेळाडूंना सुट्टीवरून आल्या आल्या कमाल वजनाच्या निम्म्या वजनावर १०० स्क्वॉट करायला लावले होते. १३ जण ऱ्हॅब्डोमायोलिसिसने रुग्णालयात गेले. यात स्नायू फुटून त्यांच्यातले घटक रक्तात उतरतात, लघवी चहासारखी गडद होते, मूत्रपिंडावर ताण येतो. वजन जड नव्हतं; एकूण आवर्तनं जास्त होती, आणि सवय मोडलेली होती.

म्हणून धावण्याचं प्रमाण शिखरापेक्षा, म्हणजे सर्वाधिक प्रमाणापेक्षा, पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ३० टक्के कमी ठेवतात. समजा तुमचं शिखर ११० यार्डांच्या १६ फेऱ्या आहे. मग आधी ८, नंतर ११. विश्रांती पहिल्या आठवड्यात धावण्याच्या चौपट, दुसऱ्यात तिप्पट. लाइनमन (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) एक फेरी १९ सेकंदांत पूर्ण करत असेल तर त्याला ७६ सेकंद द्या, मग ५७. दीडशे किलोच्या त्या गड्याला रिसीव्हरच्या (चेंडू झेलणाऱ्या चपळ खेळाडूच्या) घड्याळावर पळवणं ही नेहमीची चूक. सिकल सेल ट्रेट (रक्तातला एक आनुवंशिक गुण) असलेल्याची नोंद ॲथलेटिक ट्रेनरकडे, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत पाहणाऱ्याकडे, असते, ती तुम्हालाही माहीत हवी. तो धापा टाकत थांबला तर ‘नाटक करतोय’ म्हणायचं नाही.

उन्हाचंही तेच. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा खेळाडू जॉर्डन मॅकनेअर याला ११० यार्डांच्या फेऱ्यांत उष्माघात झाला. त्याला वेळेत बर्फाच्या पाण्यात ठेवलं नाही, जूनमध्ये तो गेला. टब भरलेला असल्याशिवाय सराव सुरू करू नका. आधी थंड करायचं, मग रुग्णवाहिकेत घालायचं.

खेळाडूंच्या तासांच्या मर्यादेचं गणितही पक्कं हवं: सीझनमध्ये आठवड्याला २० तास, त्यात फुटबॉलचा सरावही आला, ऑफ-सीझनमध्ये एकूण ८. त्यामुळे सीझनमध्ये वजनांच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. तिथे ताकद वाढवण्यापेक्षा टिकवायची असते.

नोकरी हेड कोचच्या नशिबाला बांधलेली. तो गेला की बहुधा सगळा स्ट्रेंग्थ स्टाफ जातो, तुम्ही कितीही चांगले असलात तरी. पदवीनंतर काम करायची ओपीटी ही परवानगी सहसा १२ महिन्यांची, त्यात अशी उलथापालथ झाली तर परदेशी माणसाला सावरायला वेळ उरत नाही. म्हणून मास्टर्सचं शुल्क भरण्याआधी थेट त्या स्टाफला ईमेल करा: फुटबॉलच्या वेटरूममध्ये असिस्टंटशिप आहे का, शुल्कमाफी मिळते का, आणि परदेशी विद्यार्थ्याला घेतात का. प्रवेश विभागाकडे बहुधा याची उत्तरं नसतात.