सीएनजीवरच्या जुन्या मारुती 800 चे टॅपेट घरी स्वतः सेट करता येतील का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची कार्ब्युरेटरची मारुती 800 आहे, तिला नंतर सीएनजी किट बसवलेले आहे, इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक असा आवाज येतो, आणि टॅपेट सेटिंगचे काम नाशिकमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मी माझ्या 800 चे टॅपेट घरीच सेट करतो. टॅपेट सेट करणे म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारी दांडी) आणि व्हॉल्व्ह (हवा-इंधन आत घेणारी किंवा जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) यांच्यामधले बारीक अंतर, म्हणजेच गॅप, ठरलेल्या मापावर आणणे. या इंजिनात तीन सिलिंडर आणि सहाच व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येक रॉकरच्या टोकाला फिरवता येणारा स्क्रू व लॉक नट आहे, त्यामुळे शिकण्यासाठी याहून सोयीचे इंजिन मिळणे कठीण. होंडा सिटीच्या अनेक इंजिनांतही असेच स्क्रू असतात. मात्र ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे) किंवा मापाचे बकेट (स्क्रूऐवजी ठरावीक जाडीच्या वाट्या) असतात, तेथे ही पद्धत चालत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी, कारण बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो. आवाज येतो म्हणजे गॅप वाढलेला आहे, आणि वाढलेल्या गॅपमुळे झीज होत असली तरी इंजिन लगेच बिघडत नाही. खरी काळजी करावी ती गॅप कमी झालेल्या व्हॉल्व्हची, कारण तो अजिबात वाजत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) आपली बरीचशी उष्णता बंद असताना सीटला (ज्या कड्यावर तो बसतो त्याला) टेकूनच बाहेर सोडतो. गॅप संपला की तो पूर्ण टेकत नाही, तापत राहतो आणि अखेर त्याची कड जळते. सीएनजी हे कोरडे इंधन असल्याने सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप हळूहळू कमी होत जातो. अशी गाडी मुंबईहून परतताना भरलेल्या सामानासह कसारा घाट चढते, तेव्हा हाच व्हॉल्व्ह सर्वाधिक तापतो. म्हणून आपल्या गाडीत एक टॅपेट वाजत असेल, तरी न वाजणारे बाकीचे पाचही मोजलेच पाहिजेत. केवळ कानाने ऐकून आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

साहित्य फार लागत नाही. चांगला फीलर गेज (गॅप मोजण्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पात्यांचा संच), लॉक नटाला बसणारा रिंग पाना, स्क्रूसाठी पेचकस, प्लग पाना, पुलीच्या बोल्टला लागणारी गोटी (सॉकेट) व लांब हँडल, आणि हेड कव्हरचे नवे पॅकिंग एवढे पुरते. फीलर गेज सातपूर किंवा अंबडकडच्या हत्यारांच्या दुकानातून घ्यावा, पण पाती वाकलेली किंवा गंजलेली नाहीत हे तेथेच पाहून घ्यावे.

माप इंजिन पूर्ण थंड असतानाच घ्यावे. या इंजिनाचा थंड गॅप साधारण 0.15 मिमीच्या आसपास असतो. नेमकी मर्यादा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावी. गरम इंजिनाचे माप वेगळे आणि मोठे असते, कारण अॅल्युमिनियमचे हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) तापल्यावर व्हॉल्व्हपेक्षा जास्त फुगते. त्यामुळे गरम इंजिनावर थंडचे माप लावले, तर थंड झाल्यावर गॅप जवळजवळ उरतच नाही. गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे काम करावे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू न करताही चांगलीच तापलेली असते, हे विसरू नये.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा, हेड कव्हरभोवतीची धूळ पुसावी आणि मगच कव्हर उघडावे. तिन्ही प्लग काढले की क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने सहज फिरतो. तो नेहमी इंजिन फिरते त्याच दिशेने फिरवावा. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला. त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन सर्वांत वर येतो त्या स्थितीत) आणावा. डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना पाळीने ठिणगीची वीज देणाऱ्या भागाचा) रोटर पहिल्या प्लगच्या वायरीकडे असेल आणि पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताने किंचित हलत असतील, तर स्थिती बरोबर आहे. (एखाद्या व्हॉल्व्हचा गॅप आधीच संपलेला असेल तर त्याचा रॉकर हलणार नाही, म्हणून रोटर पाहणे आवश्यक.) पिस्टन टीडीसीपासून किंचित मागेपुढे असला तरी बिघडत नाही, कारण कॅमचा (रॉकर हलवणाऱ्या उंचवट्याचा) गोल भाग बराच लांब असतो. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2 आहे. त्यामुळे पहिला सिलिंडर झाल्यावर क्रँक 240 अंश फिरवला की तिसरा आणि पुन्हा तेवढाच फिरवला की दुसरा सिलिंडर येतो. पुलीवर खडूने तीन समान भाग करून प्रत्येक वेळी दोन भाग पुढे गेले की हे अंतर नेमके साधते.

काहीही सैल करण्याआधी सहाही गॅप मोजून कागदावर लिहून ठेवावेत. या नोंदीचे महत्त्व पुढच्या वेळी कळते. कोणता व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये किती बसला हे तीच सांगते.

आता मुख्य भाग. पाती स्क्रूचे टोक आणि व्हॉल्व्हचे डोके यांच्यामध्ये सरळ, तिरकी न करता घालावी. ती ओढताना हलकी अडावी, पण वाकू नये आणि अडकूही नये. हा अंदाज शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी दोन पातींनी पडताळतो: योग्य मापाची पाती जायला हवी आणि तिच्यापेक्षा 0.05 मिमी जाड पाती जाता कामा नये. स्क्रू पेचकसाने धरून लॉक नट आवळताना स्क्रू थोडा सरकतोच, म्हणून नट आवळल्यावर गॅप पुन्हा मोजल्याशिवाय पुढच्या व्हॉल्व्हकडे जाऊ नये. दोन मापांत शंका राहिली, तर मर्यादेत राहून सैल बाजूचे माप ठेवावे. जुन्या गाडीत स्क्रूचे टोक किंवा व्हॉल्व्हचे डोके मधोमध खोलगट झालेले असते. तेव्हा सपाट पाती खळग्याच्या कडांवर टेकते, गेजवर माप बरोबर दिसते आणि प्रत्यक्ष गॅप मात्र जास्त असतो. सेटिंगनंतरही एकच टॅपेट वाजत राहिला, तर स्क्रूचे टोक बोटाने चाचपून पाहावे.

शेवटी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सर्व गॅप एकदा पुन्हा तपासावेत. कव्हरचे नट बेताने आवळावेत. जास्त ताणले तर पॅकिंग दबून ऑइल गळू लागते.

मात्र एखाद्या व्हॉल्व्हचा गॅप शून्य निघाला, त्याच सिलिंडरवर इंजिन थरथरत असले, किंवा सेट केल्यावर थोड्याच काळात तो पुन्हा कमी झाला, तर घरी आणखी प्रयत्न करू नये. तेथे कॉम्प्रेशन तपासून हेड उतरवावे लागते आणि सीट कापणे किंवा बदलणे हे मशीन शॉपचेच काम आहे. आपण मोजलेली सहाही मापे इथे लिहिलीत, तर आपली गाडी त्या टप्प्यावर आली आहे का, हे मी सांगू शकेन.