मुलीची ‘कॉम्प्स’ परीक्षा: कोल्हापूरच्या एका वडिलांच्या पत्राला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. आपण कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाला आहात. आपल्या मुलीने इथेच बी.लिब. केले, दोन वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले, आणि आता ती अमेरिकेतील एका विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे. आजवरच्या सर्व विषयांत तिला चांगल्या श्रेणी मिळाल्या आहेत. तरीही पदवीपूर्वीच्या सर्वंकष परीक्षेचा, म्हणजे तिकडचे विद्यार्थी ज्याला ‘कॉम्प्स’ म्हणतात त्या परीक्षेचा, विषय फोनवर निघाला की तिचा आवाज बदलतो, असे आपण लिहिले आहे. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: सगळे विषय सुटल्यावर पुन्हा परीक्षा कशासाठी, तिच्यात अपयश आले तर काय, आणि त्यापेक्षा तिने परत येऊन शिवाजी विद्यापीठातून एम.लिब. करणे बरे नाही का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते देण्यास मला वेळ लागत नाही. तिने आता परत येऊ नये. शिवाजी विद्यापीठाच्या एम.लिब.बद्दल मला आदर आहे, परंतु अमेरिकेत व्यावसायिक ग्रंथपाल म्हणून काम करायचे तर सर्वसाधारणपणे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदव्युत्तर पदवी लागते, आणि ती पदवी आपल्या मुलीपासून आता एका परीक्षेच्या अंतरावर आहे. पुढे तिला भारतात महाविद्यालयीन ग्रंथपाल व्हायचे असेल, तर परदेशी पदवीचे समकक्षता प्रमाणपत्र आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा या वाटेने तिला जावे लागेल. ती वाट नंतरही खुली राहील. एका परीक्षेच्या भीतीने जवळजवळ पूर्ण झालेले शिक्षण मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पहिला प्रश्न. आपल्याकडे प्रत्येक पेपर वेगळा असतो आणि तो सुटला की त्याची वही बंद होते. वर्गीकरणाच्या पेपरात वर्गीकरण, तालिकीकरणाच्या पेपरात तालिकीकरण, म्हणजे ग्रंथांच्या नोंदींची सूची करणे, व्यवस्थापनाच्या पेपरात व्यवस्थापन. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडून दाखवा, असे क्वचितच कोणी विचारते. प्रत्यक्ष ग्रंथालयात मात्र या विषयांच्या भिंती नसतात. काउंटरवर एखादी विद्यार्थिनी येऊन “शाहू महाराजांच्या शिक्षणविषयक कामावर काही आहे का?” असे विचारते, तेव्हा तिला नेमके काय हवे आहे हे प्रश्न विचारून काढणे ही संदर्भ सेवा झाली, ते पुस्तक सापडणे हे तालिकीकरणाचे यश झाले, ते संग्रहात असणे हा ग्रंथनिवडीचा निर्णय झाला आणि त्यासाठी पैसे असणे हे व्यवस्थापन झाले. एका वाचकाच्या दोन मिनिटांत चार पेपर येतात. हे सारे एकत्र धरून विचार करता येतो का, हे पदवी देण्यापूर्वी एकदा तपासावे, एवढाच या परीक्षेचा हेतू आहे.

तिचे स्वरूप विद्यापीठागणिक बदलते, हे लक्षात ठेवावे. काही ठिकाणी ठरलेल्या तासांत बसून निबंधवजा उत्तरे लिहायची असतात, तर काही ठिकाणी प्रश्न देऊन घरी लिहिण्यासाठी काही दिवस दिले जातात. अनेक अभ्यासक्रमांनी ही परीक्षा काढून तिच्या जागी प्रबंध, प्रकल्प किंवा केलेल्या कामाचा संच, ज्याला ते पोर्टफोलिओ म्हणतात, तो ठेवला आहे. सॅन होजे स्टेट विद्यापीठाचा ई-पोर्टफोलिओ या संदर्भात प्रसिद्ध आहे. पीएच.डी.च्या टप्प्यावरही याच नावाची परीक्षा असते, पण ती निराळी आणि बरीच कठीण. तिच्यात दीर्घ वाचनयादी आणि बहुधा तोंडी परीक्षाही असते, व ती झाल्यावरच प्रबंधाच्या कामाला मान्यता मिळते. इंटरनेटवर सापडणाऱ्या भीतिदायक हकिकती पुष्कळदा या दुसऱ्या परीक्षेच्या असतात. मुलगी त्या वाचून घाबरली असेल, तर हा फरक तिला जरूर सांगा.

पदव्युत्तर पातळीवरील या परीक्षेला सहसा गुण नसतात. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढाच निकाल असतो. म्हणून आपणास एक विनंती आहे. निकाल लागल्यावर “किती पडले?” असे विचारू नका. शिक्षकाच्या तोंडी तो प्रश्न सवयीने येतो, पण इथे त्याला उत्तर नसते.

मुलीची खरी अडचण कुठे असेल, याविषयी मला जे वाटते ते थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या परीक्षांनी तिला “टिपा लिहा” आणि “सविस्तर चर्चा करा” या दोन प्रकारांची सवय लावली आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पंचसूत्रे, म्हणजे ग्रंथालयसेवेची पाच तत्त्वे, विचारली की १९३१ हे साल, पाचही सूत्रे क्रमाने आणि प्रत्येकाखाली चार ओळी, असे उत्तर तिला झोपेतही लिहिता येईल. सर्वंकष परीक्षेत हा प्रश्न असा येणार नाही. तिथे विचारले जाईल की एखाद्या नगर ग्रंथालयाने छापील पुस्तकांचा खर्च कमी करून तो ई-पुस्तकांकडे वळवायचे ठरवले आहे, तर तुम्ही त्याला पाठिंबा द्याल का आणि कोणत्या आधारावर. अशा वेळी “प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ” हे दुसरे सूत्र तिला युक्तिवादासाठी वापरावे लागेल: ज्या वाचकाकडे उपकरण नाही त्याचे काय, परवान्याची मुदत संपली की नाहीशी होणारी पुस्तके ही ‘संग्रह’ म्हणायची का, आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे असे पाचवे सूत्र सांगते तेव्हा ती वाढ मोजायची कशाने. परीक्षकाला तिची बाजू हवी असते, त्या बाजूचा आधार हवा असतो आणि विरुद्ध बाजूची दखलही हवी असते. “दोन्हींचे फायदे-तोटे आहेत” असे लिहून मधोमध उभे राहिलेले उत्तर आपल्याकडे चालून जाते. तिथे ते कच्चे ठरते.

तिचे बलस्थानही इथेच आहे, आणि ते तिला स्वतःला दिसत नसावे असे आपल्या पत्रावरून वाटते. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० पासून अख्खा विभाग मिळाला आहे, तर मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकात बसवले आहे. धर्माच्या २०० या वर्गात ख्रिस्ती धर्माने बहुतेक जागा व्यापली आहे आणि जगातील इतर धर्म मुख्यतः २९० मध्ये दाटीने आले आहेत. वर्गीकरण तटस्थ असते का, हा आज त्या विषयातला महत्त्वाचा प्रश्न आहे. तिथल्या सहाध्यायांनी तो पुस्तकात वाचला असेल. आपल्या मुलीने मराठी पुस्तकांच्या पाठीवर ते लांबलचक क्रमांक स्वतःच्या हाताने चिकटवले आहेत. तिने हे उत्तरात लिहावे.

निधीच्या प्रश्नाचेही तसेच. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि तो भारतातला पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. मद्रासचा कायदा त्यानंतर १९४८ मध्ये आला. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती, महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात ती नाही, आणि आपली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार मिळणाऱ्या शासकीय अनुदानावर चालतात. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांचा पैसा मुख्यतः स्थानिक करांतून येतो. ग्रंथालय कोणाला उत्तरदायी असते, या प्रश्नावर लिहिताना या दोन व्यवस्था शेजारी ठेवणारे उत्तर परीक्षकाला नक्कीच वेगळे वाटेल. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर ज्या गावात आहे, त्या गावच्या मुलीने ग्रंथालयांविषयी लिहिताना फक्त परक्यांची उदाहरणे का द्यावीत?

तयारीसाठी मी एक पद्धत सुचवतो. तिने एकच प्रसंग घ्यावा आणि अभ्यासक्रमातील प्रत्येक विषय त्या प्रसंगातून नेऊन पाहावा. कोल्हापूरकरांना महापुराचा प्रसंग निराळा सांगावा लागत नाही. २०१९ आणि २०२१ चे पाणी आपण सर्वांनी पाहिले आहे. समजा, नदीकाठच्या एका सार्वजनिक ग्रंथालयाला पुराचा धोका आहे आणि पैसा थोडा आहे. आधी काय वाचवायचे? ओल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते आणि भिजलेली पुस्तके गोठवून ठेवली तर पुढच्या उपचारासाठी वेळ मिळतो, हे जतनशास्त्र झाले. बाजारात पुन्हा मिळणाऱ्या कादंबऱ्यांपेक्षा स्थानिक नियतकालिकांचे जुने अंक आधी उचलायचे, हा संग्रहधोरणाचा निर्णय झाला. दाखल नोंदवहीची, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची, प्रत इमारतीबाहेर ठेवलेली असणे ही नोंदींची व्यवस्था, दुर्मीळ ग्रंथांचे अंकीकरण करताना स्वामित्वहक्काचा विचार हा कायदा, आणि पाणी ओसरल्यावर पंचनामे व मदतीचे अर्ज यांची माहिती लोकांना त्याच ग्रंथालयातून मिळणे ही समाजासाठीची माहितीसेवा. असे एक उत्तर तिने मन लावून तयार केले, तर पाच पेपर एकत्र उजळले जातील. मग तिने दुसरा प्रसंग घ्यावा. पालकांच्या तक्रारीवरून एखादे पुस्तक कपाटातून काढावे का, हा सध्या अमेरिकेत फार तापलेला प्रश्न आहे आणि तो परीक्षेत येण्याची शक्यता मोठी आहे. त्यासाठी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची १९३९ ची ग्रंथालय हक्कांची सनद तिने मुळातून वाचावी, कोणाच्या नोट्समधून नव्हे.

विभागाकडे मागील वर्षांचे प्रश्न असतील तर ते मागून घ्यावेत, आणि परीक्षेआधीच्या आठवड्यांत एक दिवसाआड एक उत्तर घड्याळ लावून पूर्ण लिहावे. नुसते वाचत राहिल्याने तयारी झाल्यासारखे वाटते. लिहायला बसल्यावर तिसऱ्या परिच्छेदाशी हात थांबतो, आणि तो कुठे थांबतो हे परीक्षेपूर्वी कळलेले बरे.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. व्याख्या शब्दशः पाठ करून लेखकाचे नाव न देता उत्तरात उतरवणे आपल्याकडे हुशारीचे लक्षण समजले जाते. तिथे, विशेषतः घरी लिहिण्याच्या परीक्षेत, ती वाङ्मयचोरी ठरते आणि तिचे परिणाम नापास होण्यापेक्षा गंभीर असतात. संदर्भ कसे द्यायचे, चर्चा कोणाशी करता येते, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यास परवानगी आहे का, हे सर्व तिने विभागाच्या लेखी नियमांत पाहावे आणि शंका असल्यास ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

आता अपयशाचा प्रश्न, जो आपण पत्रात सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक अक्षरात लिहिला आहे. बहुतेक ठिकाणी या परीक्षेला आणखी एकदा बसता येते, आणि काही ठिकाणी फक्त कमी पडलेले उत्तर पुन्हा लिहून घेतात. किती संधी मिळतात आणि दुसरी संधी केव्हा, हे तिच्या अभ्यासक्रमाच्या नियमपुस्तिकेत असेल. ते पान तिने आजच उघडावे, कारण त्याचा संबंध तिच्या व्हिसाशी आहे. ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल आणि दुसरी संधी पुढच्या सत्रात असेल, तर विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावरील अभ्यासक्रमाची अंतिम तारीख वाढवून घ्यावी लागू शकते, आणि तो अर्ज ती तारीख उलटण्यापूर्वीच करावा लागतो. शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचा, म्हणजे ओपीटीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंत करता येतो. परीक्षेच्या धास्तीत ही मुदत विसरली जाण्याचा धोका असतो. तिने या आठवड्यातच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन दोन्ही तारखा विचाराव्यात आणि आपल्यालाही कळवाव्यात.

आपणही तिला मदत करू शकता. आपण आयुष्यभर वर्गात शिकवले आहे. रविवारी सकाळी आपण फोन करता तेव्हा तिच्याकडे शनिवारची रात्र असते आणि तिला थोडी फुरसत असते. वर दिलेला पुराचा प्रश्न तिला त्या वेळी विचारा आणि तिला मराठीत, दहा मिनिटे, न थांबता उत्तर देऊ द्या. मध्ये दुरुस्त करू नका. जिथे आपल्याला कळले नाही तिथे फक्त “हे असे का?” एवढे विचारा, आणि ती काय सांगते ते ऐका.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर