आधी वहीत, मग पडद्यावर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

शाळेत प्रोजेक्टर आल्याचं तुझं पत्र मिळालं. "आता भूमितीचा तास कसा रंगतो बघाच, बाई," असं लिहिलंयस. रंगावाच. पण त्याआधी माझा पहिला प्रोजेक्टरचा तास कसा गेला, ते ऐक.

नववीचा वर्ग होता. त्रिकोणाच्या कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश, हे प्रमेय. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर सगळं तयार करून नेलं होतं. शिरोबिंदू ओढला की त्रिकोण बदलायचा, आकडे भराभर फिरायचे, बेरीज मात्र १८० वर ठाम. मुलं भान हरपून बघत होती. दुसऱ्या दिवशी विचारलं, काल काय केलं आपण? "त्रिकोण हलत होता, बाई." बेरीज त्यांना आधीपासूनच पाठ होती. ती १८०च का, हा प्रश्न मात्र अख्ख्या तासात कुणाला पडला नव्हता. तो पडायला मी जागाच ठेवली नव्हती.

पुढच्या वर्षी लॅपटॉप बंद ठेवूनच सुरुवात केली. प्रत्येकानं वहीत आपापला त्रिकोण काढला, कोनमापकानं मापं घेतली, बेरीज केली. कुणाची १७८, कुणाची १८१, एकाची चक्क १८६. सगळे आकडे फळ्यावर लिहिले, एकही पुसला नाही. मग पडदा. त्या दिवशी कोन आले ४७.३३, ६१.३३ आणि ७१.३३. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं वहीत बेरीज केली आणि हात वर केला. "बाई, हे १७९.९९ होतंय. कॉम्प्युटरचंही चुकतं का?"

मी उत्तर दिलं नाही. सगळ्या वर्गाला बेरीज करायला लावली. यंत्र दोनच दशांश स्थळं दाखवतं आणि पुढचं झाकून ठेवतं, हे मुलांनीच शोधलं. खरी मापं ४७ पूर्णांक एक तृतीयांश अशी असली, तर तीन तृतीयांश मिळून हरवलेला एक शतांश परत येतो. मग एकानं विचारलं, "मग १८० आहे हे नक्की कसं कळणार? हजार त्रिकोण ओढून बघितले तरी पुढच्याचं काय?" इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हाच. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, समांतर रेषांमुळे समान होणारे व्युत्क्रम कोन दाखवले. सिद्धता कशासाठी असते, हे त्या वर्गाला त्या दिवशी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून माझं एकच मागणं आहे. पडद्यावर काहीही हलवण्याआधी मुलांना वहीत अंदाज लिहायला लाव. तोंडी नको, तोंडी अंदाज पहिल्या बाकावरची दोघंच सांगतात.

दहावीला निर्देशक भूमितीत चढ, म्हणजे रेषेचा तिरकेपणा, येईल, तेव्हा हे नक्की करून बघ. आरंभबिंदूतून जाणारी रेषा घे आणि चढासाठी स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा बदलायची पट्टी, ठेव. चढ १ असताना एक्स-अक्षाशी कोन ४५ अंश. आता थांब आणि विचार, चढ २ केला तर कोन किती? बहुतेक वह्यांत ९० येईल. स्लायडर सरकव, येतात सुमारे ६३.४. चढ १० केला तर साधारण ८४.३, आणि १०० केला तरी ८९.४च. रेषा उभी होत जाते, पण वाय-अक्षावर कधी पूर्ण बसत नाही. 'वाय-अक्षाचा चढ ठरवता येत नाही' हे वाक्य घोकण्यापेक्षा हे दोन मिनिटं बघणं कितीतरी मोलाचं. चढ म्हणजे त्या कोनाचा टॅन, त्यामुळे त्रिकोणमितीतला टॅन तिथेच भेटतो, तोही बिनबोभाट. फक्त दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं आहे ना, ते तपास. नसेल तर ४५चा कोन ४५चा दिसत नाही आणि वर्तुळ अंड्यासारखं होतं.

मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना जिओजेब्रा सुरू केलं. शाळेला ते फुकट मिळतं आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. माऊस मात्र मुलांच्या हातात दे. तू ओढलास तर तो सिनेमा होतो.

साधा कॅल्क्युलेटरही कमी समजू नकोस. २ + ३ × ४ हे दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर एकापुढे एक दाबलं तर २० येतात, मोबाईलवर १४. दोन्ही बाकावर ठेव आणि भांडू दे त्यांना. पदावलीतल्या क्रियांचा क्रम त्या भांडणातून जितका पक्का होतो, तितका नियम लिहून होत नाही.

फोटो काढला की पायऱ्यांसकट गणित सोडवून देणाऱ्या ॲपची तुला धास्ती वाटते, असं लिहिलंयस. मुलं ती वापरणारच. मी असते तर ॲपचंच उत्तर फळ्यावर लिहून विचारलं असतं, तिसऱ्या पायरीवरून चौथीवर हे कसं आलं? ज्याला सांगता येईल त्याचा गृहपाठ पूर्ण.

रचना मात्र पट्टी-कंपासनंच करून घे, तिथे मला तडजोड नको. कंपासचं टोक घसरलं की छेदनबिंदू कसा हुकतो, हे हाताला कळायला हवं. आणि वीज गेली तर तास अडायला नको, खडूनं तोच धडा कसा घ्यायचा ते टाचणात लिहून ठेव.

चढाचा तास झाला की मुलांनी आधी लिहिलेल्या अंदाजांच्या वह्यांचे फोटो मला पाठव. ९० लिहिणाऱ्यांचे आधी पाठव.

तुझी,
बाई