थरार मनसोक्त घ्या, दावे मात्र तपासा

'द दा विंची कोड'सारखी थरार कादंबरी पहिल्यांदाच वाचताय ना? मग आधी बिनधास्त, एका बैठकीत वाचा. छोटी प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी अर्धवट सोडलेलं गुपित, मागावर मारेकरी, कोडी सोडवणारा प्राध्यापक: साचा ठरलेलाच, पण जमला की पुस्तक खाली ठेववत नाही. त्यात कमीपणा अजिबात नाही.

'द दा विंची कोड' (२००३) मध्ये सुरुवातीलाच 'तथ्य' म्हणून एक पान आहे. 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संस्था १०९९ साली स्थापन झाली, असं तिथे ठासून सांगितलंय. प्रत्यक्षात पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आणि त्याच्या मंडळींनी ती १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदवली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलेली तिची 'गुप्त कागदपत्रं' बनावट निघाली. 'तथ्य' असा शिक्का दिसला, की तिथेच पेन्सिलीने खूण करा आणि कादंबरी संपल्यावर शोधा. मला तर ही बनवाबनवीच जास्त रंगतदार वाटते.